मॅडमनी परत बोलावलेले पेशंट

दादर, मुंबई
रविवार

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

मला डेंटल कॉलेजात ऑर्थो, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करायचं शास्त्र, शिकवणाऱ्या मॅडम गेल्याचं आईने तुला फोनवर सांगितलंच. त्यावर तू विचारलंस, "बाबा, तुमच्या बॅचचे सगळेच एवढे हळवे झालेत, मॅडमचं असं काय होतं?" फोनवर सांगायला गेलो असतो तर घसा दाटून दोन वाक्यांत आटोपलं असतं, म्हणून लिहायला बसलो. शिवाय आता तू स्वतःच नागपूरला ऑर्थोच्या पहिल्या वर्षाला आहेस. आजवर घरी मॅडमचा विषय निघाला की माझा निम्मा वेळ ब्रॅकेट म्हणजे काय आणि आर्चवायर म्हणजे काय हे सांगण्यात जायचा. ती अडचण आता उरली नाही.

मॅडमचं मोठेपण माझ्या मते एका गोष्टीत होतं. ब्रेसेस काढून झाल्या, फोटो काढून झाले, पेढे वाटून झाले, की त्यापुढे त्या दातांचं काय होतं हे त्या शोधत राहायच्या. वर्ष-दोन वर्षं सगळेच बघतात. मॅडम दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं बघायच्या. आपल्या विषयात सगळ्यांची नजर डीबाँडिंगच्या, म्हणजे ब्रेसेस काढण्याच्या, दिवसावर असते. परीक्षेची केस त्या दिवशी पूर्ण होते, कॉन्फरन्सच्या स्लाइड त्या दिवशी संपतात, पेशंटच्या आईचे डोळे त्या दिवशी भरून येतात. मॅडमच्या हिशेबात त्या दिवशी काम निम्म्यावर आलेलं असायचं.

मी चिपळूणहून मुंबईला आलो तेव्हा नव्वदीची सुरुवात होती आणि आमच्याकडे बेग टेक्निकचं, बारीक गोल तारेने दात हलवण्याच्या पद्धतीचं, राज्य होतं. तुम्हाला आता बेग इतिहासाच्या लेक्चरमध्ये उरकतात असं तू म्हणालीस. आम्हाला मात्र मॅडमनी तो माणूस म्हणून शिकवला. रेमंड बेग ॲडलेडचे. १९२०च्या दशकात अमेरिकेत जाऊन एडवर्ड अँगल यांच्या हाताखाली शिकले. अँगल म्हणजे १८९९ साली वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात त्याची क्लास वन, टू, थ्री ही वर्गवारी मांडणारे, आपल्या शास्त्राचे पितामहच. त्यांचा ठाम आग्रह, की दात काढायचे नाहीत, बत्तीसच्या बत्तीस बसवायचे. बेग घरी परतले, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे झिजलेले दात त्यांनी बारकाईने अभ्यासले आणि गुरूच्या मताविरुद्ध जाऊन गरज पडेल तिथे दात काढून उपचार करू लागले. अँगल यांचाच दुसरा शिष्य चार्ल्स ट्वीड. त्याने तर दात न काढता उपचार केलेले आपलेच शंभर पेशंट पुन्हा घेतले, सुळ्यांमागच्या उपदाढा काढून त्यांच्यावर नव्याने उपचार केले आणि आधीचे-नंतरचे रेकॉर्ड शेजारी शेजारी मांडून सगळ्यांना दाखवले.

ट्वीडची ही गोष्ट सांगताना मॅडमचा आवाज बदलायचा. एरवी त्या एका पट्टीत बोलायच्या. "शंभर पेशंट परत बोलावले त्याने," असं म्हणून त्या थांबायच्या आणि आमच्याकडे एकेकाकडे बघायच्या. आम्ही पंचविशीतली पोरं, आम्हाला त्यातलं मोठेपण तेव्हा फारसं कळलं नव्हतं. दात काढावेत की नाही हा वाद आम्हाला महत्त्वाचा वाटायचा. मॅडमना महत्त्वाचं वाटायचं ते परत बोलावणं.

हाताचं काम त्यांनी कसं शिकवलं ते सांगतो, कारण तू सध्या त्यातच आहेस. विल्कॉकची ऑस्ट्रेलियन वायर वरच्या ग्रेडची, म्हणजे जास्त कडक, असली की काचेसारखी तुटते, हे तुला कळलंच असेल. पहिल्या महिन्यात आमच्या पायाखाली तुकड्यांचा सडा पडलेला असायचा. मॅडम शेजारच्या स्टुलावर येऊन बसायच्या, काही बोलायच्या नाहीत, माझ्या हातातून वायर घ्यायच्या आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीतून ती हळूहळू ओढायच्या. दोनदा, तीनदा. वायरला जरा ऊब आली की प्लायरच्या गोल चोचीवर न वाकवता चौकोनी चोचीच्या कडेवर धरून, प्लायर स्थिर ठेवून, फक्त बोटाने वायर वळवायच्या. इतकं सावकाश, की वळण पडताना दिसायचं. मग ती वायर माझ्या हातात देऊन उठून जायच्या. वायर वळवून केलेला लूप काचेवर ठेवून बघायचा, एकही टोक वर उचललेलं दिसता कामा नये. उचललेलं दिसलं तर तो कचऱ्यात. रात्री हॉस्टेलवर झोपताना माझ्या चिमटीला वायरचा वास असायचा.

आणि तरीही लूप नीट जमायच्या आत, शोधनिबंध वाचून चर्चा करायच्या पहिल्याच जर्नल क्लबला, त्यांनी आम्हाला कुठला पेपर वाचायला लावला असेल? सिअॅटलच्या लिटल आणि सहकाऱ्यांचा, १९८१चा. उपदाढा काढून एजवाइज पद्धतीने उपचार केलेले ६५ पेशंट, रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागी धरून ठेवणारं साधन, सोडून किमान दहा वर्षं झालेले. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणांचे खालचे पुढचे दात पुन्हा समाधानकारक राहिले नव्हते. आमचे चेहरे उतरले. एका सिनियरने विचारलंसुद्धा, "मॅडम, मग आपण करायचं कशाला?" त्या म्हणाल्या, "करायचंच. पण हे माहीत असून करायचं. पेशंटला सांगून करायचं."

तो पेपर आमच्या बॅचच्या अंगात भिनला. आजही नवीन पेशंट आला की मी पहिल्या भेटीतच सांगतो, दात सरळ होतील, पण ते तसेच ठेवायला रिटेनर लागेल आणि तो बराच काळ लागेल. काही आया-बापांना ते आवडत नाही. शेजारच्या क्लिनिकमध्ये असं काही सांगत नाहीत, असं तोंडावर म्हणतात. म्हणोत.

डिपार्टमेंटच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती, तिच्यात पेशंटच्या दातांच्या प्लास्टर मॉडेलांची कपाटं. तुमच्याकडे आता तोंडात धरायचा इंट्राओरल स्कॅनर आहे, त्यामुळे प्लास्टरचं हे वेड तुला जरा विचित्र वाटेल. आमच्याकडे प्रत्येक पेशंटची तीन मॉडेलं तरी करायचा नेम होता: उपचाराआधीचं, ब्रेसेस काढलेल्या दिवसाचं आणि त्यानंतर जेव्हा जेव्हा पेशंट सापडेल तेव्हाचं. ट्रिमरवर कोन धरून घासायचं, हवेच्या फुग्यांचे खड्डे भरायचे, साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, वाळलं की मऊ फडक्याने चोळायचं. मग ते हस्तिदंतासारखं चमकायचं. मागे पेन्सिलने केस नंबर आणि तारीख. मॅडमना धूळ चालायची नाही आणि मुंबईच्या पावसाळ्यात प्लास्टरला सुटणारी बुरशी तर मुळीच नाही. जून लागला की डिपार्टमेंटचे मामा, म्हणजे शिपाई, आणि आम्ही पीजी, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी, मिळून एकेक खोका उघडून पुसायचो. पुसता पुसता बघणं व्हायचं. बहुधा त्यासाठीच त्या ते काम आमच्याकडून करून घेत.

तिसरं मॉडेल मिळवायला पेशंट परत यायला हवा. त्यासाठी मॅडम पोस्टकार्डं पाठवायच्या. १५ पैशांचं कार्ड, त्यावर त्यांच्या बारीक, उभट अक्षरात मजकूर असायचा: "आपले दात आता कसे आहेत ते पाहायचे आहे. उपचार नाही, खर्च नाही. सवडीने मंगळवारी सकाळी यावे." खाली सही. हुद्दा लिहीत नसत.

निम्म्याहून जास्त कार्डं परत यायची. त्यामागे या शहराची मोठी गोष्ट आहे, चिऊ. आमचे बरेचसे जुने पेशंट लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोडच्या चाळींमधली गिरणी कामगारांची पोरं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि मग गिरण्या कायमच्या थंडावत गेल्या. घरं मोडली. कुणी कोकणात, घाटावर परत गेलं, कुणी खोली विकून डोंबिवली, नालासोपारा, विरार गाठलं. पोस्टमनने कार्डावर "लेफ्ट" असा शेरा मारलेला असायचा. मॅडम ते कार्ड फेकत नसत, केस पेपरला टाचून ठेवत. कधी एखादा मामा म्हणायचा, "मॅडम, हे आमच्या गल्लीतले, यांचा भाऊ अजून तिथंच राहतो." की लगेच नवीन कार्ड निघायचं. असे माग काढत काढत त्यांनी कितीतरी जण परत आणले.

त्यांतली एक बाई मला आयुष्यभर पुरली. चौदाव्या वर्षी तिच्यावर मॅडमनी स्वतः उपचार केले होते. दात न काढता, खालची कमान थोडी रुंद करून दातांची गर्दी सोडवली होती. डीबाँडिंगच्या दिवसाचं मॉडेल इतकं देखणं, की आम्हाला ते आदर्श म्हणून दाखवलं जायचं. ती आली नालासोपाऱ्याहून, कडेवर पोर घेऊन, गर्दीच्या गाडीतून उतरलेली, घामाने डबडबलेली. खुर्चीत बसली, तोंड उघडलं. खालचे पुढचे दात पुन्हा एकमेकांवर चढलेले होते.

आमच्यातल्या एकाने लगेच विचारलं, "रिटेनर घातला नाहीत ना?" ती ओशाळली, काहीतरी पुटपुटली. मॅडमनी हात वर करून त्याला गप्प केलं. मग कपाटातून दोन्ही जुनी मॉडेलं मागवली, नवीन इंप्रेशन, म्हणजे दातांचा ठसा, घ्यायला लावलं आणि प्लास्टर बसेपर्यंत तिला पंख्याखाली बसवून चहा पाजला. लेकराशी बोलल्या. मॉडेल तयार झाल्यावर व्हर्नियर, बारीक मोजायची पट्टी, घेऊन आमच्यासमोर मोजायला बसल्या. सहा दातांमधले पाच संपर्कबिंदू, प्रत्येक किती सरकलाय ते मिलिमीटरमध्ये, आणि त्यांची बेरीज. लिटलचा इंडेक्स, तुलाही करावाच लागेल. मग दोन सुळ्यांमधलं अंतर मोजलं. उपचाराआधीचं, उपचारानंतरचं, आजचं. मधला आकडा मोठा होता. पहिला आणि तिसरा जवळजवळ एकच होते.

"सुळे जिथे होते तिथे परत गेले," मॅडम म्हणाल्या. मग त्या बाईकडे वळल्या. "बाई, यात तुमचा काही दोष नाही. मी जिथवर नेले तिथे ते राहणारे नव्हते. आता आपण दुरुस्त करू आणि मागून बारीक तार चिकटवून ठेवू." पैसे घेतले नाहीत.

कुणीतरी अक्कलदाढेचं नाव काढलं. अक्कलदाढ मागून ढकलते म्हणून पुढे गर्दी होते, हे तेव्हाही सगळे म्हणायचे, आजही म्हणतात. मॅडमनी सिअॅटलचाच १९९०चा अभ्यास काढून दाखवला. अक्कलदाढ असलेल्या आणि नसलेल्या पेशंटमध्ये पुढच्या गर्दीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. "नेहमी कुणीतरी सापडतं आपल्याला," एवढंच त्या बोलल्या. कधी पेशंट, कधी अक्कलदाढ. त्या दिवसानंतर परत आलेल्या पेशंटला "रिटेनर घातला नाहीत ना?" हा प्रश्न मी पहिला विचारत नाही. आधी जुनी मॉडेलं काढतो.

ती तिन्ही मॉडेलं मॅडमनी शिकवायच्या टेबलावर ठेवली. आदर्श म्हणून दाखवायचं जे एकच मॉडेल होतं, त्याच्या जागी आता तीन आली. पुढच्या प्रत्येक बॅचला त्या सांगायच्या, "ही माझी केस," आणि खालच्या सुळ्यांमधलं अंतर वाढवलं तर ते का टिकत नाही हे त्या तीन मॉडेलांवरून शिकवायच्या. बाहेरून पाहुणे परीक्षक आले तरी ती तिथेच असायची.

दात फिरवल्यावर तो परत का फिरतो, हे समजावतानाही त्यांची पद्धत हीच. हाड तर नवीन बसतं, दाबाच्या बाजूला विरघळतं, ताणाच्या बाजूला भरतं, हे आम्ही घोकून तयार. "मग परत ओढतं कोण?" असं त्या विचारायच्या. मग नॉर्वेच्या रायटानचा १९५९चा प्रयोग. फिरवलेले दात धरून ठेवूनही २३२ दिवसांनी कुत्र्यांच्या हिरडीतले धागे अजून ताणलेलेच दिसले होते. मॅडम म्हणायच्या, "हाड विसरतं, हिरडी विसरत नाही." हे वाक्य माझ्या क्लिनिकमध्ये मी इतक्या वेळा वापरलंय, की आपल्या रिसेप्शनिस्टलाही ते पाठ आहे.

आता तुला दुसरी बाजू सांगतो, कारण मॅडमची आठवण काढली की माझ्या डोळ्यांसमोर खरं तर ही बाजू आधी येते. फाटलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेली बाळं. जगभराचा ढोबळ हिशेब सातशे जन्मांमागे एक असा सांगतात. मुंबईतली यायचीच, पण मोखाडा-जव्हारकडूनही आया रात्री निघून पहाटे पोचायच्या. बाळ दहा-पंधरा दिवसांचं, दूध ओढता येत नाही, नाकातून बाहेर येतं, आई आणि सासू दोघी रडवेल्या. टाळूचं भोक झाकणारी फीडिंग प्लेट करायची, तर त्यासाठी त्या एवढ्याशा तोंडाचं इंप्रेशन घ्यायला हवं.

पहिल्यांदा मला ते करायचं होतं तेव्हा हात थरथरत होते. मॅडमनी बाळाला आपल्या डाव्या हातावर पालथं घेतलं, चेहरा जमिनीकडे, म्हणजे मटेरियलचा कण सुटला तरी घशाकडे जाणार नाही, खाली पडेल. मटेरियल घट्ट मळलेलं, पातळ अजिबात नाही. शेजारी सक्शन तयार आणि भूलतज्ज्ञ उभे. बाळाने टाहो फोडला. मी दचकून ट्रे मागे घेतला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "रडू दे. रडतंय म्हणजे श्वास चालू आहे. गप्प झालं तर घाबरायचं." मग माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवून ट्रे वर नेला. खोलीत त्या रडण्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं आणि मॅडम ते कान देऊन ऐकत होत्या, चेहऱ्यावर पूर्ण लक्ष. ट्रे बाहेर आला तेव्हा त्या इंप्रेशनमध्ये फटीची कड अन् कड उमटली होती. त्यांनी आधी बाळाच्या तोंडातून बोट फिरवून काही राहिलं नाही ना ते बघितलं, बाळ आईकडे दिलं आणि मगच इंप्रेशनकडे पाहिलं. हा क्रम मी कधी मोडलेला नाही.

या बाळांमुळेच बहुतेक मॅडमना लांबचं बघायची सवय लागली असावी. विचार कर, दहा आठवडे, दहा पौंड, दहा ग्रॅम हिमोग्लोबिन झालं की ओठाचं ऑपरेशन. वर्षाच्या आसपास टाळूचं. मग बोलण्याचे व्यायाम. आठ ते अकराच्या दरम्यान, सुळा यायच्या आधी, हिरडीतल्या फटीत हाड भरायचं. मग ब्रेसेस. वाढ पूर्ण झाल्यावर गरज असेल तर जबड्याचं ऑपरेशन. म्हणजे त्या हातावर पालथं घेतलेलं बाळ मिसरूड फुटेपर्यंत तुझं पेशंट असतं. मॅडमनी फीडिंग प्लेट केलेला एक मुलगा मी शिकत असतानाच ब्रेसेस लावायला आला. आईच्या कानावरचे केस पांढरे झाले होते. आल्या आल्या तिने मॅडमना विचारलं, "ओळखलं का?" मॅडमनी मुलाचा वरचा ओठ हलकेच उचलून हिरडी बघितली आणि केस नंबर सांगितला. नाव सांगायच्या आधी नंबर! मग नावही सांगितलं.

थिसिससाठी मी सेफ ट्रेसिंग, म्हणजे डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेवरून जबड्यांच्या रेषा उतरवणं, करत होतो. लाइट बॉक्स, मॅट पेपर, टोकदार थ्री-एच पेन्सिल. सगळं ट्रेस करून आकडे घेऊन गेलो, तर त्यांनी आकड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "यांतल्या काही फिल्म महिन्याने पुन्हा ट्रेस कर, आधीचं न बघता. दोन्हींतला फरक काढ. आधी तुझा हात किती हलतो ते कळू दे, मग पोरांचे जबडे मोज." डाहलबर्गचं सूत्र असतं त्यासाठी, १९४०चं, तुला पुढच्या वर्षी लागेलच. तुझे गाइड सांगोत न सांगोत, ते कर. ए पॉइंट, वरच्या जबड्यावरची ती खूण, कुठे धरायचा यावर तुझंच तुझ्याशी एकमत होत नाही असं दिसेल, आणि वरचा जबडा किती पुढे ते सांगणारा एस.एन.ए.चा कोन ८२ की ८४ यावरून रात्र जागवणं बंद होईल.

मॅडम गोड होत्या असा तुझा समज व्हायला नको. त्यांची जरब होती. अर्धवट भरलेला केस पेपर त्या परत फेकायच्या. शाबासकी क्वचित. रात्री आठ वाजता सुद्धा एखाद्या पीजीला थांबवून मॉडेल पुन्हा ट्रिम करायला लावायच्या, आणि शेवटची गाडी पकडायला आमच्यातला एक जण बॉम्बे सेंट्रलच्या पुलावरून पळत जायचा. मला तेव्हा तो छळ वाटायचा. आता माझं मत बदललंय, पण सगळं बदललेलं नाही. थकलेल्या मुलाकडून रात्री आठ वाजता चांगलं काम होत नाही हे माझं तेव्हाही म्हणणं होतं, आजही आहे.

पेशंटशी मात्र त्यांचा स्वर वेगळा असायचा. विशेषतः लग्नाच्या पोरींशी. "डॉक्टर, पोरगी बघायला येतायत, दिवाळीपर्यंत दात आत घ्या," असं म्हणणाऱ्या आया आठवड्याला असायच्या. मॅडम आईला बाहेर बसवायच्या आणि मुलीला एकटीला विचारायच्या, "तुला काय हवंय?" बऱ्याच मुलींना हा प्रश्न कुणी आधी विचारलेला नसायचा. एक म्हणाली, "हसताना तोंडावर हात ठेवायची सवय गेली तर बरं." मॅडमनी ते वाक्य केस पेपरवर मुख्य तक्रार म्हणून जसंच्या तसं लिहिलं. दिवाळीचं वचन त्यांनी कुणालाच दिलं नाही. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो, घाई करून जोर लावला तर मुळं झिजतात, हे त्या आईला फळ्यावर चित्र काढून समजावायच्या.

दात काढायचे की नाही, हा निर्णयही त्या मॉडेलवर घेऊ देत नसत. मुलीला खिडकीशी उभं करायचं, बोलायला लावायचं, हसवायचं, बाजूने बघायचं, ओठ आरामात मिटतात का ते बघायचं. मग एका पीजीने दात काढण्याच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरुद्ध. नंतर बाजू बदलायच्या. शेवटी त्या विचारायच्या, "ही तीस वर्षांची झाली की हा चेहरा कसा दिसेल?" चौदा वर्षांच्या मुलीकडे बघून हे सांगायला आम्हाला जमायचं नाही. नाकाची, हनुवटीची वाढ अजून व्हायची असते, ओठ वयानुसार पातळ होतात. पण प्रश्न डोक्यात राहायचा.

तू मागे म्हणालीस, की आता तारेऐवजी पारदर्शक प्लास्टिकचे अलायनर आले, संगणक प्रत्येक दाताची हालचाल आधीच आखून देतो, जुन्या लोकांचं शिकून उपयोग किती. मी अलायनरच्या विरोधात नाही, क्लिनिकमध्ये वापरतोच. पण पडद्यावरच्या त्या सिनेमात दात सरळ झाले की चित्र थांबतं. मॅडमचा प्रश्न तिथून पुढचा आहे, आणि तार असो की प्लास्टिक, हिरडीतल्या धाग्यांना त्याच्याशी देणंघेणं नाही. उलट तुमच्या पिढीला सोय जास्त आहे. मॅडमना जे जपायला कपाटांची रांग लागली ते तुझ्या एका ड्राइव्हमध्ये मावेल. प्लास्टर फुटायचं नाही, बुरशी यायची नाही. पेशंटला कार्डाऐवजी मेसेज जाईल. फक्त तो मेसेज कुणीतरी पाठवायला हवा, आणि उपचार नाही, पैसे नाहीत, तरी त्या माणसासाठी एक मंगळवार सकाळ मोकळी ठेवायला हवी.

शेवटी तुझ्या मदतीचं एक काम आहे. मॅडम निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी जुन्या मॉडेलांचं निर्लेखन, म्हणजे रद्द करून काढून टाकणं, निघालं. जागा हवी होती. मॅडमनी रीतसर परवानगी घेऊन त्यांतले दीर्घ मुदतीचे खोके माहीमच्या आपल्या घरी आणून ठेवले होते. आतल्या खोलीत, छतापर्यंत. त्यांच्या भाच्याचा परवा फोन आला, आता यांचं काय करू? आम्ही काही जुने विद्यार्थी जमलो आणि ठरवलं, की सगळी मॉडेलं स्कॅन करायची, नावं काढून टाकायची, फक्त केस नंबर, वय आणि तारखा ठेवायच्या, आणि सगळा संच शिकवण्यासाठी उपलब्ध करायचा. त्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी वगैरे काय लागेल ते आमच्यातली एक जण बघते आहे.

तुझ्या थिसिसचा विषय अजून ठरलेला नाही. मी आग्रह करत नाही, तुझे गाइड म्हणतील ते खरं. पण इतक्या जुन्या, एकाच हाताने उपचार केलेल्या आणि परत बोलावून मोजलेल्या केसेस आपल्याकडे सहसा मिळत नाहीत, एवढं त्यांच्या कानावर घाल. आणि तुमच्या डिपार्टमेंटचा मॉडेल स्कॅनर कधी मोकळा असतो, बाहेरचं काम घेतात का, हेही विचारून कळव. इथल्या लॅबने एका जोडीचा जो दर सांगितला तो आम्हाला झेपणारा नाही.

दिवाळीला येशील तेव्हा आपण दोघं माहीमला जाऊ. भाचा म्हणाला, तोवर खोली रिकामी करायची घाई नाही. खोके जड आहेत, काळजीपूर्वक उतरवायला हवेत. तीन मॉडेलांचा तो संच कुठल्या खोक्यात आहे ते मला माहीत आहे, आपण तिथूनच सुरुवात करू.

जेवण वेळेवर घे. आई तुझ्यासाठी मेतकूट पाठवते आहे.

तुझा
बाबा